बारावं बिऱ्हाड

पांढरकवड्याच्या रहेमान मेकॅनिकला वाट पाहणं म्हणून काही असतं, हे मुळी ठाऊकच नव्हतं. चहा उकळायच्या आत तो कपात ओतून मागायचा आणि मग कच्चा लागला म्हणून हॉटेलवाल्याशी भांडायचा. सर्व्हिस मोटारीला दहा मिनिटं उशीर झाला, तर हा पुढच्या थांब्याकडे पायी निघायचा, आणि मोटार त्याच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघून जायची. पायाला भिंगरी बांधूनच जन्मला होता म्हणा ना! पण हात असा, की नागपूर-हैदराबाद रस्त्यावर गाडी बंद पडली तर ड्रायव्हर लोक दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देत नसत. आज सकाळी इंजिन खोललं की उद्या संध्याकाळी गाडी रस्त्यावर. जगात सगळंच असं पान्यानं खोलता येतं आणि पुन्हा बसवता येतं, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत घरानं मोडली. ‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कुणी ते म्हटलं, त्यानं रहेमानला पाहिलं नव्हतं हे नक्की, नाहीतर चार शब्द आणखी जोडले असते.

गोष्ट सुरू झाली सत्तावन्न सालच्या रमजान ईदेला. रहेमान बायको सुग्राबी आणि नऊ वर्षांची मुलगी सईदा यांना घेऊन राळेगावला, सुग्राबीच्या माहेरी गेला होता. माहेर म्हणजे भाऊ गफ्फार आणि भावजय हजराबी. गफ्फार शिंपी होता, चार गावांत नाव असलेला, आणि शिंप्याची जीभ कात्रीसारखी चालते म्हणतात ते त्याच्या बाबतीत खरं होतं. ओट्यावर पाहुणे बसलेले, शीरखुर्म्याचे वाडगे फिरताहेत, आणि कुणीतरी सहज विचारलं की रहेमानमिया सध्या राहतात कुठे. गफ्फारनंच उत्तर दिलं.

“ते मले नोका विचारू. निकाहाले चौदा साल झाले अन् अकरा बिऱ्हाडं झाली. माही बहीण हाय का बदलीवाला तहसीलदार?”

पाहुणे हसले. खोटं काही नव्हतं त्यात. अकरा बिऱ्हाडं झाली होती आणि त्यातली निम्मी तरी रहेमानच्याच पायी. एका घरमालकाला भरदुपारी हातोडा चालवलेला खपला नाही. एकाच्या अंगणात तेल सांडलं. एकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली हवी झाली. एका ठिकाणी छप्पर गळत होतं, तेव्हा मालकानं दुरुस्त करायची चार दिवसही वाट न पाहता रहेमाननं ट्रंका उचलल्या होत्या. सध्याचं अकरावं बिऱ्हाड एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या खोलीत होतं. तिथे कापसाचे तंतू भातात उडून पडायचे.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट हसण्यावारी नेईल तो रहेमान कसला? तो वाडगा खाली ठेवून उभा राहिला.

“बारावं बिऱ्हाड आता माह्या सोताच्या घरात. जागा घेऊन ठेवली हाय मी. घर झाल्याबिगर सुग्राले नेत नाही, खुदाची कसम. ते राहीन इथंच. दिवाळीले येतो अन् घेऊन जातो.”

गफ्फार एकदम गंभीर झाला, उठून त्यानं मेहुण्याला छातीशी धरलं आणि ही मर्दाची गोष्ट झाली म्हणाला. आतल्या दारात सुग्राबी दुसरा वाडगा घेऊन उभी होती. तो वाडगा तिनं जरा जोरात खाली ठेवला, तो आवाज रहेमानला ऐकू आला. खूश झाली, असं त्याला वाटलं. तिला विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही, गफ्फारच्याही नाही.

जागा गावाच्या पूर्वेला, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. सगळी काळी जमीन. काळीत कापूस झकास येतो, घर येत नाही. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि तिच्यावर जे उभं असेल त्यालाही सोबत हलवते. म्हणून पाया खणायचा तो खाली मुरूम लागेपर्यंत, हे गावातलं पोरगंही सांगेल. रहेमाननं काम दिलं मारोती गवंड्याला. मारोतीनं बांधलेलं घर कधी कलत नाही आणि कधी वेळेवर उभंही राहत नाही, असं त्याच्याबद्दल लोक म्हणत. एक दगड ठेवायचा, ओळंबा सोडायचा, तंबाखू मळायची, दगडाकडे बघत राहायचं. रहेमान बाजूला उभा राहून बोटं मोडायचा.

तरी मे महिन्याच्या उन्हात पाया खणला गेला. पुरुषभर खाली पिवळा मुरूम लागला, दगड बसले आणि जोत्याच्या चारी भिंती जमिनीवर कमरेएवढ्या आल्या. त्याच उत्साहात रहेमाननं मुकुटबनकडचं सागवान आणून सुताराकडून दाराची चौकटही करून घेतली. घराचा पत्ता नाही आणि दार तयार! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. ती चौकट त्यानं जिनिंगमागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. खोली एवढीशी, की खाटेवर जायला चौकटीतूनच आत शिरावं लागायचं.

आता जोत्याच्या पोकळीत भराव घालायचा होता. मारोतीचं म्हणणं साफ होतं. भराव मुरमाचाच हवा, चाळीस गाड्या तरी लागतील, आणि भरल्यावर जोत्याला एक पावसाळा खाऊ द्यायचा. पाणी मुरतं, माती बसते, कुठं दबायचं ते दबतं. दसऱ्यानंतर भिंती.

मुरूम टेकडीवर फुकट होता. पण तो आणायला बैलगाड्या हव्यात, आणि गाड्या होत्या नानाजींच्या. नानाजी म्हणजे शेजारच्या वावराचे मालक, भला माणूस, शब्दाला जागणारा. पण मृग तोंडावर आलेला. या दिवसांत कुणी कुणाला बैल देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. नानाजींनी हात जोडले आणि पेरणी होऊन जाऊ दे म्हणाले. रहेमान तीन दिवस तीन गावं फिरला. सगळीकडचे बैल वखराला जुंपलेले. चौथ्या दिवशी जोत्यापाशी उभ्या उभ्या त्याचं लक्ष पाया खणताना निघालेल्या मातीच्या ढिगाकडे गेलं. काळी, मऊ, भुसभुशीत, हाताशी आयती. फावडं मारलं की पोकळीत.

मारोतीनं ते पाहिलं तेव्हा अर्धं जोतं भरून झालं होतं. तो काही ओरडला नाही. ओळंब्याची दोरी गुंडाळली, थापी पिशवीत टाकली आणि हे घर माझ्या नावावर सांगू नको, एवढंच म्हणून चालता झाला. रहेमाननं मागून ऐकवलं की तुझ्या भरवशावर राहिलो तर घराऐवजी कबरच बांधायला घ्यावी लागेल. नंतर त्याला त्या बोलण्याचा पस्तावा झाला. पण तो नंतर.

मग रामसिंग आला. जवळच्या तांड्यावरचा, काटक, कामाला वाघ. त्यानं एकदाच विचारलं, “भाऊ, आत काळी भरली काय?” रहेमान म्हणाला, “तू भिंत चढव.” रामसिंगनं चढवली. पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत, वर ट्रकची ताडपत्री ताणून, विटेवर वीट बसत गेली. श्रावण निम्मा होईतो मागची भिंत माणसाच्या डोक्यावर गेली. रहेमान दुकानातून दिवसाला सहा वेळा येऊन बघून जायचा. मारोतीच्या घरावरून जाताना मुद्दाम जोरात खाकरायचा.

दर एका जुम्म्याआड तो राळेगावला जायचा. नमाज झाली की गफ्फारच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि घर कुठवर आलं ते सांगायचं, असा रिवाजच पडला. सुग्राबी दाराआड उभी राहून ऐकायची. भावाच्या दुकानाची काजं करून करून तिच्या बोटांना सुई टोचल्याच्या खुणा पडल्या होत्या, हे चहाचा कप घेताना त्याला दिसायचं. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं वाटायचं, पण ओट्यावर चारचौघं असत आणि तो घर बांधणारा पुरुष होता. सईदा मात्र मांडीला मांडी लावून बसायची. तिला रस्त्याकडे खिडकी हवी होती, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजायला. खिडकी झाली का, हे ती दर खेपेला विचारायची, आणि रहेमान सांगायचा की खिडकीपर्यंत आलोच.

पोळ्याच्या दोन दिवस आधी झड लागली. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा जोत्याच्या आतली काळी पाणी पिऊन तट्ट फुगली होती. तिनं मागचं दगडी जोतं बाहेर ढकललं आणि वरची भिंत पोटात बुक्की बसल्यासारखी वाकून सगळी नानाजींच्या वावरात जाऊन पडली. माणसाला इजा झाली नाही, कारण रामसिंग तेव्हा भाकर खायला झाडाखाली गेला होता. त्याच संध्याकाळी पोळा. नानाजी आपले बैल सजवून, शिंगांना बेगड लावून, घरोघर फिरवत तिथून निघाले. जे बैल मुरूम घेऊन यायला मोकळे नव्हते, ते आता झूल पांघरून रहेमानच्या पडक्या भिंतीसमोर येऊन उभे राहिले. रहेमाननं त्यांच्यापुढे गुळाचा खडा धरला. दुसरं काय करणार? बैलांनी तो खाल्ला आणि पुढे गेले.

त्या जुम्म्याला राळेगावच्या मोटारीत तो सगळं खरं सांगायचं ठरवून बसला. ओट्यावर गेला. गफ्फारनं सगळ्यांदेखत विचारलं, “काय मिया, किती राह्यलं?” आणि रहेमानच्या तोंडून निघालं, “भिंती झाल्या. आता छपराचं लाकूड.” बोलल्यावर त्याचे कान गरम झाले. सईदानं टाळ्या वाजवल्या. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं ते फार मोठं बोलून टाकलं. लहानसं बोलला असता तर पुढे निस्तरता आलं असतं.

त्यानंतरचे महिने म्हणजे नुसती फरफट. पडलेलं उचललं, आतली काळी माती फावड्यानं काढली. दिवाळी आली आणि गेली. राळेगावात त्यानं सांगितलं की कौलं मनासारखी मिळत नाहीत. दिवाळीनंतर तरी गाड्या मोकळ्या होतील म्हणून नानाजींकडे गेला, तर बैल कापूस जिनिंगला पोचवण्यात गुंतलेले. रात्रंदिवस कापसाच्या गाड्यांची रांग त्याच्याच खोलीसमोरून जायची. त्या रांगेकडे बघत तो चौकटीत उभा राहायचा आणि मनातल्या मनात चाळीस गाड्या मोजायचा.

मोरीपुरतं पाच पोती सिमेंट हवं होतं, त्याला परमिट लागायचं. अर्ज वर्षापूर्वी केला होता. कचेरीतल्या बाबूनं तो शोधून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि हा अर्ज मध्यप्रदेशाच्या छापील कागदावर आहे, आता आपण मुंबई राज्यात आलो, तेव्हा नव्या कागदावर लिहून आणा म्हणाला. रहेमाननं विचारलं की राज्य बदललं तेव्हा माझी जागा हलली का, मोरी हलली का? बाबू म्हणाला, नाही, पण कागद हलला. नवा कागद मिळायला तीन आठवडे गेले, कारण तो अजून छापून आला नव्हता. माणसानं डोकं आपटायचं तरी कुठं, भिंत तर पडली होती.

तो खंगला. जेवण चहावाल्याकडे, झोप चौकटीपलीकडे. दुकानात पाने फेकायला लागला. एकदा एका ड्रायव्हरला विनाकारण बोलला आणि मग त्याच्या मागे धावत जाऊन माफी मागून आला. राळेगावला जाणं महिन्यावर गेलं. जाऊन तरी सांगायचं काय? ओट्यावर बसलं की दाराआडून काकणांचा आवाज यायचा आणि थांबायचा, आणि त्या थांबलेल्या आवाजाला त्यानं खोटं छप्पर, खोटी कौलं, खोटी मोरी ऐकवली. बायकोशिवाय त्याला करमत नव्हतं, ही साधी गोष्ट होती. ती सोडून बाकी सगळं तो बोलत होता.

माघात फुलचंद ड्रायव्हरच्या गाडीचं इंजिन त्यानं नव्यानं बांधलं. गाडी न्यायला आलेल्या फुलचंदला तो नेहमीप्रमाणे दम देत होता. “पयले हजार मैल गाडी हळू चालवजो. तिसाच्या वर काटा गेला तर माह्याकडं येऊ नोको. नवे पार्ट एकमेकाले बसू दे, घासू दे. घाई करशीन तर सगळं जाम.” हे बोलताना त्याचं लक्ष गेलं, तर दुकानासमोरच्या दगडावर मारोती तंबाखू मळत बसलेला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मारोती तंबाखू दाढेखाली सरकवून म्हणाला, “इंजिनाले हजार मैल देते तू. माह्या जोत्याले एक पावसाळा मांगतला, तर मले कबर बांधायले लावते काय बे?”

रहेमानचा पाना हातातच राहिला. फुलचंद हसला, मारोती हसला, आणि मग रहेमानही हसला. बऱ्याच दिवसांनी. त्यानं ग्रीसचे हात पुसले आणि मारोतीचे पाय धरायला वाकला, तेव्हा मारोतीनं बुशकोटाची कॉलर धरून त्याला वर ओढला आणि चहा सांगायला लावला.

फाल्गुनात कापूस सरला, नानाजींनी शब्द पाळला आणि चाळीसच्या जागी बेचाळीस गाड्या मुरूम आला. जोतं नव्यानं बांधलं गेलं, थर टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून. ज्येष्ठात काम संपलं. मारोतीनं जोत्यावर उभं राहून दोनदा उड्या मारून पाहिलं आणि तो म्हणाला, “आता याले खाऊ दे पावसाळा. दसऱ्याले ये.” रहेमान मान हलवून हो म्हणाला. त्या मानेला किती कष्ट पडले, ते तिलाच ठाऊक.

पण वाट पाहणं अंगात नसलं की माणूस वाट पाहण्यातही घाई करतो. त्या वर्षी श्रावणात उघडीप पडली. आठ दिवस, दहा दिवस थेंब नाही. रहेमान नुसता आभाळाकडे बघत बसायचा. पाऊस कमी पडला, जोतं नीट बसलं नाही, आणि मारोतीनं आणखी एक पावसाळा मागितला तर? तो उठला, घासलेटचे दोन रिकामे डबे कावडीला बांधले, आणि नानाजींच्या विहिरीवरून पाणी आणून जोत्यावर ओतू लागला. रोज दुकान उघडायच्या आधी वीस खेपा, दुपारी वीस. लोक थांबून बघायचे. कुणी विचारलं की इथे काय पेरलंस, तर दगड मारल्यासारखं उत्तर मिळायचं. मारोती येऊन बघून गेला. “अबे, डब्यानं पावसाळा होत नाही,” म्हणाला. रहेमान म्हणाला की थोडा तर होईल.

अशाच एका दुपारी तो जोत्यावर उभा राहून डबा रिता करत होता. अंगात भिजलेली बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. रस्त्यावर एक ट्रक खोकत येऊन थांबला. फुलचंदचा ट्रक, हे त्याला न बघता आवाजावरून कळलं. डिझेल नीट पोचत नाही, हेही कळलं. त्यानं वळून पाहिलं, तर केबिनमधून आधी सईदा उतरली, मग सुग्राबी, आणि फुलचंद मागून ट्रंक खाली घेत होता.

झालं होतं ते असं. फुलचंद राळेगावात गफ्फारकडे शिवायला टाकलेला सदरा घ्यायला गेला होता. सईदानं त्याला विचारलं की आमच्या घराची कौलं लाल आहेत की काळी. फुलचंद बिचारा सरळ माणूस. कौलं कुठली, म्हणाला, जोतं आहे, पण जोतं एकदम पक्कं, आणि तुझा बाप रोज त्याला पाणी घालतो. आतमध्ये सुईदोरा थांबला. तासाभरात सुग्राबीनं ट्रंक भरली. गफ्फारनं रस्ता अडवला, घर झालं नसताना जातेस कुठे म्हणून विचारलं, कसमेची आठवण दिली. कसम मी घेतली नव्हती, एवढं सांगून ती गाडीत चढली.

आता ती जोत्यासमोर उभी होती. रहेमान वर, ती खाली, मधे दगडाची कमरेएवढी कड. त्याच्या हातात रिकामा डबा. सव्वा वर्षाची सगळी छपरं, कौलं, मोऱ्या एकदम त्याच्या डोक्यावर येऊन पडली. त्याला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल, आणि दोन्ही तो ऐकून घेणार होता.

सुग्राबीनं जोत्याला एक फेरी मारली. चारी बाजूंनी पाहिलं. मग विचारलं, “हे पाणी कायले टाकून राह्यले?”

“जोत्यानं पावसाळा खाल्ला पायजे. मारोती म्हंते. मंग भिंती.” त्यानं डबा खाली ठेवला. “मी खोटं बोललो, सुग्रा. पयली भिंत पडली. घाई केली मी. तुह्या भाईपुढं मले सांगताच नाही आलं. तुले आता पुन्हा बिऱ्हाडात कसं नेऊ? अकरा झाली, म्हणून तर...”

“अकरा बिऱ्हाडं तुमी मोजली,” सुग्राबी म्हणाली, “अन् भाईनं मोजली. मी कधी मोजली नाही. अकराच्या अकरा ठिकाणी तुमी होते संग. गळलं तर दोघं भिजलो. बारावं बिऱ्हाड भाईच्या घरी झालं माह्यं, पंधरा महिने, अन् त्याच्यात मी एकटी होती. ते एकच मोजलं मी. मले कोणं विचारलं होतं काय, तुले घर पायजे का नवरा पायजे?”

त्या ईदेच्या दिवशी जोरात ठेवलेला वाडगा रहेमानला आत्ता, पंधरा महिन्यांनी, ऐकू आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. बनियन भिजलेलीच होती, कुणाला कळलंही नसतं, पण सुग्राबीला कळलं. तिनं वर हात केला. त्यानं तो धरून तिला जोत्यावर घेतलं.

फुलचंदनं थोडा वेळ वाट पाहिली. जरा डिझेलचं बघून घे, असं त्याला म्हणायचं असावं. मग त्यानंच समजून गाडी सुरू केली. ती खोकत, अडखळत, काळा धूर सोडत वळणापलीकडे गेली आणि रहेमान मेकॅनिकनं तिच्याकडे पाहिलंही नाही. पांढरकवड्यात हे पूर्वी कधी घडलेलं नव्हतं.

सईदा जोत्याच्या रस्त्याकडच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि खिडकी इथेच ना, म्हणून विचारू लागली. रहेमाननं हवेत हातानं चौकोन काढून दाखवला. जरा खाली हवी, ती म्हणाली. त्यानं खाली काढून दाखवला.

त्या दुपारी ती तिघं ट्रंक घेऊन जिनिंगमागच्या खोलीवर गेली आणि एकामागून एक चौकटीतून आत शिरली. खोलीची दशा पाहून सुग्राबीनं कपाळावर हात मारला आणि आधी झाडू शोधला. खोटं कशाला सांगू, रहेमान काही त्या दिवसापासून सुधारला नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो मारोतीला विचारायला गेला की दसऱ्याच्या आधी थोडं जमेल का. नाही जमलं. भिंती दसऱ्यानंतरच चढल्या, छप्पर माघात बसलं, आणि सिमेंटचं परमिट घरात राहायला गेल्यावर चौथ्या महिन्यात आलं. पण पाण्याचे डबे त्यानं त्या दिवशी नानाजींच्या विहिरीवर जे ठेवले, ते ठेवलेच. दुपारच्या वेळी तो आता घरी जेवायला जायचा.

नव्या घरात फातेहा पढली गेली तेव्हा राळेगावाहून गफ्फार आला. भिंतींवरून हात फिरवून, ओळंब्यात आहेत म्हणून मान डोलावून, त्यानं बहिणीला सगळ्यांदेखत विचारलं की आता तरी हे शेवटचं बिऱ्हाड ना. सुग्राबी तेव्हा सईदाच्या खिडकीत पाण्याचा माठ ठेवत होती.

“ते मले कायले विचारता, भाई?” ती म्हणाली. “हे जातीन तिथं मी जाईन.”